पंधरा मिनिटांचे तीनशे रुपये

"पंधरा मिनिटांच्या कामाचे तीनशे रुपये? मामा, एवढं तर मीपण करीन की!"

हे महान वाक्य माझं. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीतलं. कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या टोकाला एक गॅरेज आहे. तिथे उभी राहून, आजूबाजूला चार गिऱ्हाईकं ऐकत असताना, मी हे म्हणाले. मिस्त्रीमामा चिडले वगैरे नाहीत. हातातल्या चिंधीला हात पुसले आणि एवढंच म्हणाले, "कर की बाळ. इंजिनेर हायस तू."

मित्रमैत्रिणींनो, हा लेख त्या तीनशे रुपयांबद्दल आहे. गाडीचं छोटं काम असेल तर मिस्त्रीने किती पैसे घेणं योग्य, आणि ते काम आपणच केलं तर खरंच पैसे वाचतात का? थर्ड इयर मेकॅनिकलला आपण बेल्ट ड्राइव्हची एफिशिअन्सी काढतो, पण पप्पांच्या गाडीचं बिल हातात आलं की आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ आज्जीने तपासून दिलेत. उरलेल्या चुका माझ्या.)

आधी गाडी सांगते. २००८ सालची मारुती ८००. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. या मॉडेलचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये बंद झालं, पण आमची अजून चालू आहे. पंधरा वर्षं झाल्यावर पप्पांनी २०२३ ला तिचं रजिस्ट्रेशन पुढच्या पाच वर्षांसाठी करून घेतलं. मे महिन्यात ती मिसिंग करायला लागली, म्हणजे चढावर दम लागल्यासारखी आचके देत चालायची. मामांनी बघितलं आणि सांगितलं, तिन्ही स्पार्क प्लग बदलू. प्लगचे तीनशे साठ, मजुरी तीनशे. प्लग बदलायला वेळ किती? मी मनातल्या मनात मोजलं, पंधरा मिनिटं. म्हणजे तासाला बाराशे रुपये! आपल्या प्लेसमेंटलासुद्धा एवढा रेट कोणी देत नाही. त्या हिशोबाच्या जोरावर मी वर लिहिलेलं वाक्य बोलून घरी आले.

शनिवारची संध्याकाळ होती. सोमवारी सकाळी सातला आज्जीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मिरजेला न्यायचं होतं, याच गाडीतून. म्हटलं, रविवारी काम उरकून टाकू, आहे काय त्यात!

दुकानातून तेच तीन प्लग आणले, तीनशे साठला. एकशे ऐंशीचा प्लग पाना घेतला. काही गोष्टी मी बरोबर केल्या हेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही पोरगी अगदीच ढ. इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. केबल काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढला, कारण तीन सिलिंडरच्या या इंजिनचा फायरिंग ऑर्डर १-३-२ आहे आणि केबल इकडच्या तिकडे झाल्या तर गाडी धड चालणारच नाही. एकेक केबल बूट धरून काढली, वायर ओढून नाही. पहिले दोन प्लग मस्त बसले.

तिसरा बसेना. अर्धा फेरा गेला आणि घट्ट झाला. मला वाटलं, नवीन आहे म्हणून टाइट जातोय. पान्याच्या दांडीला पाइपचा तुकडा लावला. मोमेंट आर्म वाढवला की टॉर्क वाढतो, हे तर आपल्याला फर्स्ट इयरपासून पाठ! प्लग दोन फेरे आत गेला आणि मग एकदम... सैल. पुढे कितीही फिरवा, नुसता फिरतोय.

गाडी चालू केली तर बॉनेटमधून फट् फट् फट् असा आवाज. कॉम्प्रेशन सगळं प्लगच्या बाजूने बाहेर.

काय झालं ते आता नीट सांगते, कारण हाच या लेखातला खरा मेकॅनिकलचा भाग आहे. या प्लगच्या आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर आणि पिच १.२५ मिलिमीटर. प्लगची बॉडी स्टीलची, आणि इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं. प्लग किंचित तिरका लागला तर त्याचे आटे हेडच्या आट्यांत बसत नाहीत, ते नवीन वाट कापायला लागतात. स्टील कडक, ॲल्युमिनियम मऊ. भांडण झालं की हरणार कोण ते मटेरिअल सायन्सवाल्या सरांना विचारायची गरज नाही. सुरुवातीचे तीन-चार फेरे म्हणून फक्त बोटांनी द्यायचे असतात, पाना लावायचाच नाही. बोटांना अडकलेलं कळतं, लांब पान्याला कळत नाही. प्लग हाताने पूर्ण बसल्यावर पुढे किती आवळायचा? १४ मिलिमीटरच्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात. टॉर्क रेंच नसेल तर वॉशरचा नवीन प्लग हाताने टेकल्यावर साधारण अर्धा ते पाऊण फेरा. बास. मी पाइप लावून किती टॉर्क दिला असेल ते काढायचा प्रयत्न केला होता, पण उत्तर आल्यावर वही मिटून ठेवली.

रविवारी दुपारी पुन्हा त्याच गॅरेजवर गेले. गॅरेज अर्धा दिवसच उघडं असतं, मामा शटर ओढत होते. आदल्या दिवशी जे बोलले होते ते आठवत होतं, त्यामुळे तोंडातून शब्द फुटेना. शेवटी एवढंच म्हणाले, "मामा, तिसऱ्याचे आटे गेले."

"तिरका घातलास काय?"

"हो."

"पाइप लावलीस?"

मी गप्प.

मामा जेवायचे होते. पण डबा तसाच ठेवून आले. टॉर्च मारून बघितलं आणि उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या टर्नरला फोन लावला. तो त्याचं टॅप आणि कॉइलचं किट घेऊन आला. गेलेले आटे मोठ्या टॅपने कापून काढायचे आणि त्यात स्टीलच्या तारेची स्प्रिंगसारखी कॉइल बसवायची, जिच्या आतल्या बाजूला पुन्हा १४ मिलिमीटरचे आटे तयार होतात. हेड न उतरवता हे करायचं तर कापलेला चुरा सिलिंडरमध्ये पडू द्यायचा नाही. म्हणून टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचं, पाव फेरा पुढे, अर्धा मागे, टॅप बाहेर, पुसायचं, पुन्हा ग्रीस. अडीच तास हेच चाललं होतं. मी टॉर्च धरायचं काम केलं.

बिल: टर्नरचे नऊशे, मामांचे चारशे. सोमवारी सातला गाडी निघाली, आज्जीचं ऑपरेशन वेळेवर झालं. माझ्या 'मीपण करीन की'ची किंमत, पान्यासकट, चौदाशे ऐंशी रुपये. वाचवायला निघाले होते तीनशे.

मग तीनशे कुठून येतात?

दिवाळीच्या सुट्टीत मी दोन दिवस वही घेऊन मामांच्या गॅरेजवर जाऊन बसले. आधी त्यांना वाटलं ही चेष्टा करतेय. मग म्हणाले, "लिही, आमचा हिशोब आजपतूर कुणी लिवलाच न्हाई." आकडे त्यांनी सांगितलेले आणि मी गोल केलेले आहेत. एका गॅरेजचे आहेत, ते सगळ्या महाराष्ट्राला लावू नका.

जागेचं भाडं महिना नऊ हजार. आयटीआय झालेला एक मदतनीस आहे, त्याला तेरा हजार. वीज, कॉम्प्रेसरसकट, अडीच हजार. ग्रीस, चिंध्या, रॉकेलच्या जागी वापरायचं क्लीनर, तुटलेली गोटी नाहीतर झिजलेला पाना बदलणं, मिळून अडीच हजार. आणि मामांचं स्वतःचं घर चालायला तीस हजार, ज्यात दोन मुलांच्या फिया आहेत. बेरीज सत्तावन्न हजार.

आता महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस. गॅरेज नऊ तास उघडं असतं. इथे मी पुन्हा फसले असते, कारण मी लगेच पंचवीस गुणिले नऊ करून टाकलं. मामा हसले. नऊ तासांतले पैसे मिळणारे तास किती? एक जण नुसता आवाज दाखवायला गाडी आणतो, त्याला 'काही नाही, चालव' म्हणून परत पाठवायचं. त्याचे पैसे कोण देतं? स्पेअर आणायला बाजारात जायचं, पार्ट चुकीचा निघाला तर परत जायचं. आधीच्या गिऱ्हाइकाचं काम पुन्हा करायचं, तेही फुकट. कोणी गाडी सांगून आणतच नाही. असे तास वजा केले तर दिवसाला पाच उरतात. महिन्याला १२५.

सत्तावन्न हजार भागिले १२५ म्हणजे तासाला ४५६ रुपये.

आणि प्लगचं काम 'पंधरा मिनिटांचं' नाही. गाडी आत घेणं, पुढची गाडी बाहेर काढणं, मिसिंग प्लगमुळेच आहे की केबलमुळे की आणखी कशामुळे ते बघणं, प्लग आणणं, गॅप तपासणं, बसवणं, चक्कर मारून बघणं. मी घड्याळ लावून दुसऱ्या एका गाडीचं बघितलं, चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटांचे होतात ३०४ रुपये.

मामांनी मला तीनशे सांगितले होते.

हे त्यांनी कधी कागदावर मांडलेलं नव्हतं. बावीस वर्षं धंदा करून त्यांना तो आकडा तोंडपाठ झालाय. तो चारशेही असू शकला असता, पुण्यात भाडं जास्त म्हणून असेलही. पण तो मनमानी नव्हता, एवढं मला वहीत दिसलं.

अजून एक गोष्ट आहे जी मला आधी पटत नव्हती. कंपनीच्या ऑथराइज्ड वर्कशॉपमध्ये प्रत्येक कामाला ठरलेला वेळ असतो. त्या वेळेला तासाच्या दराने गुणून लेबर लावतात. प्रत्यक्षात मेकॅनिकने ते काम लवकर उरकलं तरी बिल तेवढंच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ही चक्क लूट वाटली. पण उलटा विचार करून बघा. घड्याळ लावून पैसे द्यायचे ठरवले तर ज्याला काम येत नाही, जो दोन तास खटपट करतो, त्याला जास्त पैसे आणि हाताला सवय असलेल्या माणसाला कमी. म्हणजे बावीस वर्षं शिकल्याबद्दल दंड! मी तिसरा प्लग बसवायला एक तास लावला होता. त्या हिशोबाने मला साडेचारशे मिळायला हवे होते.

म्हणजे कोणी फसवतच नाही का?

तसं अजिबात नाही. सगळे मिस्त्री मामांसारखे असते तर हा लेख इथेच संपला असता. पण फसवणूक आपण शोधतो तिथे सहसा नसते. आपण मजुरीवर घासाघीस करतो, आणि खरा घोळ पार्टमध्ये किंवा नको त्या कामात असतो. ओरिजिनलच्या खोक्यात लोकल पार्ट. चांगला असलेला पार्ट 'गेला' म्हणून बदलणं. पिकअप कमी आहे म्हटलं की कसली तरी महागडी बाटली इंजिनमध्ये ओतणं. तीनशेच्या मजुरीत पन्नास कमी केले म्हणून आपण खूश, आणि हजाराचा पार्ट उगाच गळ्यात पडलेला आपल्याला कळतही नाही.

म्हणून विचारायचं ते हे: पार्ट आणि मजुरी बिलात वेगवेगळे लिहा. काम करण्याआधी अंदाज सांगा, वाढणार असेल तर फोन करा. जुना पार्ट मला परत द्या. नव्या पार्टचं खोकं दाखवा. खोक्यावर जी एमआरपी असते त्यात सगळे कर धरलेले असतात, त्यामुळे एमआरपीवर पुन्हा जीएसटी लावलेला दिसला तर तिथेच बोट ठेवायचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत शंभर असलेला पार्ट आधी १२८ ला पडायचा, आता ११८ ला पडायला हवा. आणि वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या छोट्या गॅरेजला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसेल तर त्याने बिलात जीएसटी लावायचाच नाही. काही वाद झालाच तर ग्राहकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे.

मिस्त्री पार्टवर थोडं कमिशन खातो का? बऱ्याचदा हो. दुकानदार त्याला सूट देतो आणि तो आपल्याला एमआरपी लावतो. माझं मत असं, की पार्ट त्याने आणला, खराब निघाला तर बदलून तोच देणार, तर त्यातले दहा टक्के त्याला मिळाले म्हणून माझ्या पोटात दुखू नये. तुम्ही स्वतः पार्ट आणून दिलात तर मजुरी थोडी जास्त सांगितली जाते, आणि पार्ट खराब निघाला तर काढून घालायची मजुरी पुन्हा द्यावी लागते. तेही बरोबरच आहे. (पप्पांना हे पटत नाही. आमच्या घरी यावर वाद चालू आहे.)

आणि सगळा दोष कोपऱ्यावरच्या गॅरेजवरही टाकता येत नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २५४४.६५ कोटी रुपयांचा दंड केला होता. कारण काय, तर या कंपन्या ओरिजिनल स्पेअर आणि दोष शोधायची साधनं-माहिती बाहेरच्या स्वतंत्र गॅरेजना खुल्या बाजारात मिळू देत नव्हत्या. पार्ट एकाच दुकानात मिळत असेल तर किंमत तो सांगेल ती. प्रकरण पुढे अपिलातही गेलं. पण मामांसारख्या माणसाला नवीन गाडीचा स्कॅनर आणि मॅन्युअल का मिळत नाही, याचं उत्तर मला त्यात सापडलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाइल, घरातली उपकरणं, शेतीची अवजारं यांच्याबरोबर गाड्याही आहेत. फायनल इयरच्या सेमिनारला विषय शोधणाऱ्यांनी नोंद घ्यावी!

आपण काय करावं, काय करू नये

मी आता काय काय स्वतः करते ते सांगते.

एअर फिल्टर. क्लिपा काढा, फिल्टर काढा, उन्हाकडे धरून बघा. उजेड आरपार येत नसेल तर बदला. पाना लागत नाही, बिघडण्यासारखं काही नाही. याचे कोणी शंभर-दीडशे मागितले तर मात्र खुशाल नाही म्हणा.

वायपरचं रबर, तसंच. फक्त ब्लेड काढल्यावर मोकळा हात काचेवर आपटू देऊ नका, खाली टॉवेल ठेवा.

हेडलाइटचा बल्ब. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलेल्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. आणि ६०/५५ वॅटच्या जागी मित्राने सांगितलं म्हणून जास्त वॅटचा टाकू नका. वायरिंग आणि होल्डर त्या करंटसाठी बनवलेले नसतात, होल्डर वितळतो. शिवाय समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर अंधारी येते ती वेगळीच.

बॅटरीचे टर्मिनल. पांढरा-हिरवा क्षार साठला की गाडी सकाळी नुसती 'टक्' करते. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासायचं, पुसायचं, वरून पेट्रोलियम जेली. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह. का? गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह लावलेला असताना पॉझिटिव्हचा नट फिरवायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं की सरळ शॉर्ट. निगेटिव्ह आधी काढला की पाना कुठेही टेकू दे. हा प्रश्न मी आमच्या मजल्यावर आठ जणींना विचारला. आठही जणी बेसिक इलेक्ट्रिकल पास आहेत. उत्तर दोघींनी दिलं.

कूलंट बघणं. बाटलीतली लेव्हल बघायची, गार इंजिनवर. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. झाकण दाब धरून ठेवतं, दाबामुळे आतलं पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एकदम जातो आणि ते सगळं एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. थर्मोडायनॅमिक्सचा हा प्रॅक्टिकल कोणी करू नये.

आणि न करण्याची कामं? ब्रेक. गाडी जॅकवर घेऊन खाली जायचं कुठलंही काम. पेट्रोलची लाइन. टायमिंग बेल्ट. एअरबॅग असलेल्या गाडीचं स्टिअरिंग. इथे पैशाचा प्रश्नच नाही.

हे मी एका सोप्या गणितात बसवून बघितलं. प्लगच्या कामात प्रत्येक वेळी वाचणार ३०० रुपये. आटे गेले तर जाणार १३०० रुपये. काम बिघडण्याची शक्यता तीनशे भागिले तेराशे, म्हणजे सुमारे २३ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर स्वतः करणं तोट्याचं. पहिल्याच वेळी पान्याचे १८० धरले तर वाचणार फक्त १२०, मग ही मर्यादा नऊ टक्क्यांवर येते. म्हणजे दहातून एकदा जरी चूक होणार असेल तरी मिस्त्रीकडे जाणं स्वस्त. आणि कधीच प्लग न बसवलेल्या, पाइप लावायची सवय असलेल्या मुलीकडून चूक व्हायची शक्यता नऊ टक्क्यांपेक्षा जास्त होती, हे आता सांगायला नको. पण हीच मुलगी पाचव्यांदा प्लग बसवत असेल तर? तेव्हा पाना घरात आहे, बोटांना आटे कळायला लागलेत, आणि गणित उलटं फिरतं. एअर फिल्टरमध्ये बिघडलं तर जाणार जवळजवळ शून्य, म्हणून तिथे पहिल्या दिवसापासून स्वतः करा. ब्रेकमध्ये 'जाणार' या जागी रुपयांचा आकडाच लिहिता येत नाही. मग भागाकार कशाला करायचा?

यात मी माझ्या वेळेची किंमत धरलेली नाही. सुट्टीत माझ्या वेळेला भाव नसतो असं आईचं म्हणणं आहे. पण सबमिशनच्या आठवड्यात ज्यांनी पार्किंगमध्ये बाइक उघडून ठेवलीय त्यांनी धरावी.

दिवाळीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामांनी मला एका गाडीचे प्लग बसवायला दिले. मी पाना उचलला तर त्यांनी काढून घेतला आणि पेट्रोलच्या जुन्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा हातात ठेवला. प्लगच्या वरच्या टोकावर हा पाइप चढवायचा आणि पाइप बोटांनी फिरवून प्लग आत सोडायचा. सरळ लागला तर तो आपोआप आत जातो. तिरका लागला तर पाइप प्लगवर घसरतो, जोर लागूच शकत नाही, त्यामुळे आटे जात नाहीत. फ्रिक्शन क्लच म्हणून आपण जे चार मार्कांना लिहितो ते हेच. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या उस्तादाने त्यांना दाखवलं होतं. मे महिन्यात हा तुकडा माझ्याकडे असता तर टर्नरचे नऊशे वाचले असते.

मी विचारलं, "मामा, याचे किती?"

"दहा रुपये," ते म्हणाले. आणि खरंच घेतले.

तो तुकडा आणि प्लग पाना आता होस्टेलला माझ्या खोलीत आहेत. कुणाला हवे असतील तर दोन्ही देईन, पण दोन्ही एकत्रच. नुसता पाना मागायला येऊ नये.